कुजक्या फळीची साक्ष

कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठी भरतीची रेषा ओलांडून थोडं वर गेलं की एखादी लाकडी होडी कुशीवर कललेली सापडतेच. मासेमारी फायबरच्या बोटींवर गेली, मालवाहू गलबतांचा धंदा ट्रकांनी कधीच बसवला, आणि ही मात्र मोडवतही नाही नि सांभाळवतही नाही म्हणून मालकाने तशीच ठेवलेली. एका अंगावर मर्यादवेल चढलेली असते. पोटात पावसाचं पाणी साचून त्यात माडाच्या सुक्या झावळ्या कुजत असतात. फळ्यांच्या सांध्यांत कधीकाळी ठोकून बसवलेला कापूस सुटून लोंबत असतो आणि खिळ्याखिळ्याखाली गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला असतो. ती बघून कुणाला सरपण आठवतं, तर कुणाला वाटतं, हिला पुन्हा उभी केली तर? हे दुसरं वाटणं चांगलंच, पण त्याची पुढची धाव सहसा वखारीकडे, सुताराकडे आणि रंगाच्या दुकानाकडे असते. कुजकं तेवढं काढावं, नवं घालावं, वर रंगाचे दोन हात मारावेत, झाली होडी. या हिशेबात एक मोठी चूक आहे, आणि ती होडी पाण्यात गेल्यावर कळते. जुन्या होडीतलं जे वाचवायचं, तेच या घाईत सगळ्यात आधी हातचं जातं.

वाचवायचं काय असतं? लाकूड, असं उत्तर पटकन येतं. पण चालत्या होडीतलं लाकूड कधीच एका वयाचं नसतं. पावसाळ्यात होडी वर ओढायची, झापांनी शाकारायची, नारळी पौर्णिमेच्या आधी सांधे पुन्हा भरायचे, कुठे फळी बदलायची, कुठे थिगळ मारायचं, ही रीतच होती. तीस-चाळीस हंगाम काढलेल्या होडीत पहिल्या दिवसाच्या किती फळ्या उरल्या आहेत हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही, आणि तरी गाव तिला तीच होडी म्हणतं. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजावरून या प्रश्नाचा केवढा काथ्याकूट केला. आपल्या कोळीवाड्यांनी तो मनाला लावून घेतलेला दिसत नाही. फळ्या बदलत गेल्या तरी नाळेचा बाक, पोटाचा फुगार आणि मागच्या अंगाला होत गेलेली निमुळती चण तीच राहिली, एवढं त्यांना पुरे होतं. होडी म्हणजे हा आकार. ती लाटेवर कशी चढते, वारा आडवा आला की किती कलते, जाळ्यांचं ओझं घेऊन ओहोटीच्या उथळ खाडीत शिरते की गाळात बसते, हे सगळं त्यातच ठरलेलं असतं. आणि पडून राहिलेल्या होडीच्या बाबतीत हा आकार दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेला नसतो. तो त्या कुजक्या फळ्यांनीच धरलेला असतो. फळीतला जोर गेला तरी तिचा बाक उरतो. म्हणजे ज्या लाकडाला आपण निकामी म्हणून उपटायला निघालो, तोच मूळ घडणीचा एकमेव साक्षीदार असतो. जबानी नोंदवून घेण्याआधी त्याला चुलीत घालायचं का, एवढाच खरा प्रश्न आहे. म्हणून मला वाटतं की होडी दुरुस्त करण्याची तयारी ही दुरुस्तीआधीची पायरी नव्हेच; निम्म्याहून अधिक दुरुस्ती ती तयारीच असते.

एक फळी निघाली की काय होतं ते पाहावं. होडीची प्रत्येक फळी ताणात असते; तिला वाकवून, फासळ्यांवर ओढून, खिळ्यांनी जखडलेलं असतं. ती सुटली की शेजारच्या फासळ्या थोड्या सैलावतात. नवी फळी मग त्या सैलावलेल्या बाकावर बेतली जाते. पुढची फळी तिच्यावर, त्याच्या पुढची त्याहून. चूक बोटभरही नसते, पण ती जमत जाते आणि नाळेपाशी पोचेपर्यंत दोन कुशी एकसारख्या राहत नाहीत. शिवाय जमिनीवर पडलेली होडी आधीच वाकलेली असते. पाण्यात असताना तिला चहूकडून सारखा आधार असतो. वाळूत ती दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि उरलेलं वजन स्वतःलाच लटकवून धरते. मोठ्या जहाजांचा आणखी एक जुना रोग आहे. मधलं रुंद पोट पाण्याने वर उचललेलं आणि दोन्ही अरुंद टोकांना तेवढा आधार नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टोकं खाली उतरत जातात आणि कणा मध्ये कमानीसारखा वर येतो. 1797 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ हे अमेरिकन लढाऊ जहाज 1990 च्या दशकात कोरड्या गोदीत घेतलं तेव्हा त्याचा कणा असा फूटभराहून अधिक उचलला गेलेला होता. तो वरवरच्या फळ्या बदलून सरळ होणार नव्हता. जहाज ठोकळ्यांवर बसवून सावकाश आपल्याच वजनाने खाली येऊ दिलं आणि मूळ आराखड्यात असलेले, पण मधल्या काळातल्या दुरुस्त्यांत नाहीसे झालेले तिरके जाड वासे पोटात पुन्हा बसवले. ते वासे कशासाठी होते हे जुनी कागदपत्रं पाहिल्यावरच कळलं. आधीच्या कुण्या दुरुस्तीवाल्याला ती नुसती अडगळ वाटली असणार. पोर्ट्समथला 1922 पासून कोरड्या गोदीत असलेल्या नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चंही तेच. पोलादी पाळण्यांवर अनेक दशकं काढल्यावर तिचं अंग टेकूंच्या मधे फुगायला लागलं, तेव्हा मोठ्या दुरुस्तीआधी शंभराहून अधिक नवे टेकू लावले आणि कुठल्या टेकूवर किती भार येतो ते मोजायची सोय केली. जुन्या वाड्याची भिंत उतरवताना शहाणा गवंडी आधी तुळईखाली धिरे देतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की वाड्याची तुळई निदान सरळ असावी हे सर्वांना ठाऊक असतं. होडीत सरळ असं काहीच नसतं.

म्हणून पहिली हत्यारं करवत आणि पटाशी नव्हेत. ओळंबा, पाणसळ, सुताची दोरी, एक बोथट सुरी आणि लाकडी हातोडी एवढ्यावर काम सुरू होतं. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणायची, ती पाणसळीत आणायची आणि ठरावीक अंतरावर तिथून फळीपर्यंतची खोली नि मध्यरेषेपासूनची रुंदी घ्यायची. डाव्या कुशीची वेगळी, उजव्या कुशीची वेगळी. दोन्ही आकडे जुळत नाहीत तिथे होडी खचलेली आहे, किंवा बांधणाऱ्याने मुळातच तसं ठेवलेलं आहे, आणि यातलं कुठलं खरं हे ठरवायला सांध्यांकडे बघावं लागतं. खचलेल्या जागी सांधा फाटलेला असतो; मुद्दाम ठेवलेल्या जागी तो घट्ट मिटलेला असतो. मग हातोडी. चांगल्या लाकडावर ती टणकन उसळते, कुजलेल्यावर आवाज बसका येतो. सुरीचं टोक तंतूंना आडवं दाबलं की निरोगी साग ते आत घेत नाही. सडलेली फळी ओल्या पुठ्ठ्यासारखी मुठीपर्यंत गिळते. इथे नवख्याला चकवणारी एक गोष्ट आहे. तो पाण्याखालच्या अंगाकडे संशयाने बघतो, आणि होडी बहुधा वरून कुजलेली असते. खारं पाणी लाकूड टिकवतं. सडवतं ते पावसाचं गोडं पाणी. काठाच्या पट्टीखाली, फासळ्यांच्या माथ्याला, नाळेच्या खोबणीत, जिथे पाऊस शिरतो आणि वारा शिरत नाही, तिथे खरी पोखर असते. पाण्याखाली शत्रू निराळा. ज्याला किडा म्हणतात तो खरं तर शिंपल्याच्या कुळातला प्राणी. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत फळीभर बोगदे. आणि लोखंडी खिळे. ओकमधलं आम्ल लोखंड खातं आणि गंज उलटून लाकूड खातो. सागाच्या अंगचं तेल मात्र खिळ्याला सांभाळून घेतं. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांना इंग्रजी आरमारात मान मिळाला त्यामागे बांधणाऱ्यांच्या कसबाइतकंच या लाकडाचं काम आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो आपल्याच किनाऱ्यावरून. आमच्या मिस्त्र्याने कधी कागद हातात धरला होता? डोळा हाच त्याचा आराखडा, आणि त्या डोळ्यावर पन्नास-पन्नास खंडींची गलबतं मस्कतपर्यंत जाऊन आली. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. तो मिस्त्री स्वतःच्या घराण्याचा, स्वतःच्या खाडीचा आकार बांधत होता, आणि त्याचं शिक्षण बापाच्या हाताखाली वाकस चालवत झालं होतं. आकार त्याचा नसे तेव्हा तोही कागदाची वाट पाही. मुंबईच्या गोदीतले जमशेटजी बमनजी वाडिया यांच्याहून मोठा कारागीर त्या काळात या किनाऱ्यावर शोधूनही सापडला नसता. त्यांनी बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला येत होते. 29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ला गाठून निकामी केलं ते वर आलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नेच, आणि जहाजाबरोबर नकाशेही गेले. (त्याच ‘जावा’वर मुंबईला निघालेला जनरल थॉमस हिस्लॉप अमेरिकनांच्या हाती सापडला आणि सुटला, पुढे डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव करणारा तो हाच. समुद्राच्या एका टोकाची लढाई कुणाच्या दारात येऊन उभी राहील याचा नेम नसतो.) नकाशांची दुसरी प्रत मागवावी लागली. 1816 मध्ये कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झालं आणि खडकीच्या लढाईला महिनाही उरला नव्हता तेव्हा, 12 ऑक्टोबर 1817 ला, हे जहाज मुंबईच्या पाण्यात उतरलं. ते आजही तरंगतं आहे. नाव बदलून ते बराच काळ पोरांना शिकवायच्या कामी आलं, 1987 मध्ये इंग्लंडातल्या हार्टलपूलला नेलं गेलं, आणि 1990 पासून दहा-अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली. मूळ सागवानाचा मोठा भाग अजून अंगावर आहे, आणि जिथे नवं घालावं लागलं तिथे ते कुठल्या बाकाचं हवं हे सांगायला आराखडा होता. आपल्या मचव्यांना, पडावांना ही सोय नाही. ज्याच्या डोळ्यात तो आकार होता तो मिस्त्री गेला, मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला. आता डोळ्याचा दाखला देऊन भागत नाही.

कागद नसला की काय करावं लागतं याचं ताजं उदाहरण घरचंच आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या, साधारण पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं आणि गोव्यात ते काथ्याने शिवून उभं केलं गेलं. मे 2025 मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आलं. काम देखणं झालं यात वाद नाही. पण चित्रकाराने एका बाजूने दिसलं तेवढं काढलेलं. पोटाची गोलाई, फासळ्यांची अंतरं, कण्याची जाडी यातलं काहीही चित्रात नाही. ते सगळं जाणकारांना तर्काने भरावं लागलं आणि मद्रासच्या आयआयटीच्या मदतीने तपासून घ्यावं लागलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बाबतीत इलाज नाही. काठावर आज पडलेल्या होडीच्या बाबतीत मात्र आपण आपल्या हाताने तीच वेळ आणतो आहोत. याच्या उलट एक माणूस आहे, फ्रेंच आरमारातला एदमों पारिस. 1830 च्या दशकात जगभर हिंडताना तो दिसेल ती देशी होडी मोजत गेला, त्यात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचीही होती, आणि 1843 च्या सुमारास त्याने ते आराखडे छापले. त्याला त्यातली एकही दुरुस्त करायची नव्हती. त्याने मोजलेल्या होड्यांचा आज चोयटाही उरलेला नाही. त्याच्या कागदावरून मात्र तशी होडी पुन्हा बांधता येते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तुम्ही दोऱ्या ताणत बसाल तोवर दोन पावसाळे जातील आणि मोजायला काही उरणार नाही. यात तथ्य आहे, म्हणून तयारीत शुश्रूषाही आली. आतलं गोडं पाणी उपसणं, झावळ्या आणि माती काढणं, उन्हाने सांधे एकदम फाकू नयेत म्हणून सावली करणं, अंगाखाली जागोजाग टेकू देऊन वजन वाटून टाकणं. निळा प्लास्टिकचा कागद करकचून बांधला की काम झालं असं वाटतं, पण आत दमट हवा कोंडून तो कुजण्याला हातभारच लावतो. वारा खेळता ठेवणारा झापांचा जुना शाकार त्याहून बरा. यातल्या कशालाही फळी काढावी लागत नाही. आणि काढायचीच वेळ आली तर क्रमांक घालून, जागा लिहून, कोरड्यात ठेवायची. लंडनच्या ‘कटी सार्क’ला 21 मे 2007 च्या पहाटे आग लागली, साफसफाईचं एक यंत्र शनिवार-रविवार चालू राहिलं होतं. आग भीषण होती, तरी जहाज गेलं नाही, कारण डागडुजीसाठी डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या आधीच उतरवून, नोंदवून दुसरीकडे ठेवलेल्या होत्या. ज्या सोपस्काराला लोक वेळकाढूपणा म्हणत असतील, त्यानेच जहाज राखलं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे, आणि तो पैशाचा आहे. कोळ्याला डिझेल परवडत नाही, मासळी घटली, आणि तुम्हाला मोडक्या होडीचं कौतुक. फायबरची बोट हलकी, तिला दर वर्षी सांधे भरावे लागत नाहीत, किडा लागत नाही. ती घेणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. सगळ्या होड्या दुरुस्त करा असं म्हणणं हा मूर्खपणा होईल. पण मोजून घ्या असं म्हणणं तसं नाही. दुरुस्तीतला महाग भाग लाकूड आणि हात. मोजमाप ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे, आणि पुढचा बेत फसला तरी जिचं काही वाया जात नाही अशी ती एकच पायरी आहे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक जहाजांबाबत सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने या विषयावर तीन पुस्तकं काढली आहेत. एक जतन कसं करावं यावर आहेच. पण मालिकेतलं पहिलं नोंद कशी करावी यावर आहे, आणि आणखी एक, जहाज मोडायचंच ठरलं तर ते कसं मोडावं यावर. मोडतानाही एकेक थर उलगडत, लिहीत जायचं. आपल्याकडे मोडण्याला कुऱ्हाड पुरते. फोटो काढलेत की, असंही कुणी म्हणेल. फोटोत रंग दिसतो, बाक मोजता येत नाही. आता मोबाइलवरूनही वस्तूचा त्रिमितीय आकार घेता येतो, तेव्हा दोरीचा कंटाळा असणाऱ्यालाही सबब उरलेली नाही.

एक अडचण मात्र माझ्याही युक्तिवादाला सुटत नाही. आकार वाचवायचा म्हणजे कोणता? बांधला त्या दिवशीचा, की आयुष्यभरात झालेला? कॉन्स्टिट्यूशनवाल्यांनी कणा सरळ केला. जहाजाने चालायचं ठरलं होतं आणि 1997 मध्ये ते शतकाहून अधिक काळाने स्वतःच्या शिडांवर चाललंही. स्टॉकहोमच्या ‘वासा’ने कुठे जायचं नव्हतं. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं, 1961 मध्ये वर काढलेलं ते जहाज जसं सापडलं तसं ठेवायचं ठरलं. सतरा वर्षं त्यावर मेणासारख्या द्रव्याचे फवारे मारले, मग कित्येक वर्षं सावकाश सुकवलं, आणि आजही ते दर वर्षी मिलिमीटरच्या हिशेबाने खचतं आहे की काय हे मोजत बसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण खाडीतल्या होडीचं काय? इंजिन बसवायला मागचं अंग कापून रुंद केलेलं असतं. ते सुंदर नाही, पण तो त्या घराचा इतिहास आहे, कदाचित कर्जाचाही. मूळ आकारासाठी ते पुसायचं, की ठेवायचं? उत्तर होडीगणिक बदलेल. तयारीतून एवढंच साधतं की निर्णय घेताना दोन्ही आकार समोर असतात, नि पुसलं ते काय होतं याची नोंद उरते. मालकाला, मिस्त्र्याला आणि पैसे घालणाऱ्याला त्यावर भांडता तरी येतं. न मोजलेल्या होडीवर भांडायलाही काही नसतं.

राहिलं लाकूड. ते तयारीच्या शेवटी येतं असं वाटतं, पण त्याची सुरुवात सगळ्यांत आधी करावी लागते. फळीला लांब, सरळ साग चालतो. फासळीला मात्र जन्मतःच वाकलेलं लाकूड हवं, कारण सरळ लाकडातून बाक कापला तर तंतू तुटतात आणि फासळी तिथेच मोडते. युरोपातले जहाजबांधे म्हणूनच फासळ्यांचे साचे खांद्यावर टाकून जंगलात जात आणि उभ्या झाडाच्या फांद्यांना लावून पाहत. स्वीडनमध्ये व्हिसिंग्सो बेटावर आरमारासाठी 1830 च्या दशकात ओक लावले. 1975 मध्ये वनखात्याने कळवलं की लाकूड तयार आहे. तोवर आरमारात लाकडी जहाज राहिलं नव्हतं. हसायला ठीक आहे, पण अमेरिकन नौदलाने इंडियानामधल्या आपल्या जंगलात कॉन्स्टिट्यूशनसाठी पांढरे ओक राखून ठेवले आहेत आणि ते कामी येताहेत. आपल्याकडे साग, आईन, किंजळ, आंबा, फणस ही सगळी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या बांधावरचं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि पाडल्यावर ते सुकायला वेगळा काळ हवा. म्हणजे होडी टेकूंवर चढण्याआधीच अर्ज गेलेला बरा. आणि अर्ज करायला कुठलं झाड, कुठली फांदी हे ठाऊक हवं, त्यासाठी हातात साचा हवा, आणि साचा त्या कुजक्या फासळीवरूनच निघतो. ठेकेदार सरळ बुंधे उचलतो. बांधावरचा वेडावाकडा आईन भट्टीच्या भावाने जातो. त्यातल्या एखाद्या फांदीला कुणाच्या तरी नाळेचा बाक असेलही. साचा लावून बघणारा माणूस तिथे पोचेपर्यंत ती तोडली जाऊ नये म्हणून काय करावं, हे मला अजून नीट सुचलेलं नाही.